दिब्रुगड ते कोची, विटामार्गे

विट्याच्या स्टँडसमोर माझं दुकान, नऊ बाय अकरा.
बाहेर पाटी : विमान, रेल्वे, झेरॉक्स, पॅनकार्ड.
विमान आमच्या गावात उतरत नाही,
पण देशात जिथं जिथं सोनं वितळतं
तिथं आमचा कुणीतरी मूस धरून बसलेला असतो,
म्हणून तिकिटं खपतात.

शालन आली पावणेनऊला, शटर निम्मं ओढल्यावर.
वाकून आत आली.
म्हणाली, दिब्रुगडपासनं कोची किती?
कोण जाणार?
आधी किती ते सांगा.

स्क्रीनवर रेघ उमटली, जराशी कमानीसारखी.
सरळ धरलं तर सत्तावीसशे किलोमीटर, वर थोडे.
थेट विमान नाही.
कोलकात्यात थांबायचं, बंगळुरात थांबायचं,
अकरा तास वीस मिनिटं,
त्यातले पाच नुसते खुर्चीत बसून.

तिनं रेघेवर बोट ठेवलं.
ही आपल्यावरनं जात नाही व्हय?
नाही. आपण बाजूलाच राहिलो.
मग निम्म्यात काय येतं?
मी मोजलं. निम्म्यात समुद्र येतो,
ओडिशाच्या किनाऱ्यापासनं आत, नुसतं पाणी.
ती म्हणाली,
म्हंजे निम्म्यात येऊन भेटा म्हणायचीबी सोय नाही.

जालिंदर थोरला, अधिक धाकटा, ही मधली.
गुवाहाटीत दोघं एका भट्टीवर होते, एका ताटात.
एका दिवाळीच्या हिशोबात अर्धा ग्रॅम कमी आला.
अर्धा ग्रॅम म्हणजे
जवळ कुणी शिंकलं तर काटा हलतो, तेवढं.
कोण काय बोललं, आता त्यांनाही धड आठवत नसेल.
जालिंदर आणखी वर सरकला, दिब्रुगडला.
अधिक गावी आला, चार दिवस झोपून काढले,
पाचव्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाला,
गलाईचं काम मिळंल असं सगळ्यात लांबचं गाव सांग.
मीच नकाशा फिरवला. मीच कोची म्हणालो.
साडेतीनशे रुपये कमिशन घेतलं.
शालनला हे ठाऊक आहे. ती बोलत नाही.

बोलते ते घड्याळाचं.
देशाला एकच घड्याळ, पण उन्हाळ्यात थोरल्याकडं
साडेचारलाच दात घासण्याइतकं उजाडतं,
धाकट्याकडं तेव्हा मिट्ट काळोख.
एकाला फोन केला तर तो भट्टी पेटवून मोकळा,
दुसऱ्याला केला तर पांघरुणातनं हं हं करतो.
मधल्या दीड तासात ही भाकरी थापते
आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही ते
तव्याच्या धुरात सोडते.

मग पिशवीतून भिशीचे पैसे काढले, रबर लावलेले.
माझंच काढा. पुण्यातनं दिब्रुगड.
आठ दिवसांनी दिब्रुगडातनं कोची.
मिरजेच्या पलीकडं न गेलेली बाई!
म्हटलं, दिब्रुगडाहून घरी या, दमा खावा,
कोचीचं पुढं बघू.
नको, म्हणाली.
ह्या दोघांच्या मधलं एकदा बसून बघायचंय,
किती लागतंय.

आधारवर वय बावन्न, फोटो रागावलेला.
खिडकी देऊ?
समुद्र येतो त्या अंगाची द्या.

जाताना गुलाबी कागदाची पुडी उघडून दाखवली.
आत कण. पेठेतून घेतलेला, पावतीसकट.
सोन्याला कुठं आठवतंय, म्हणाली,
कुणाच्या खिशातनं आलं ते.
विमानात हे अडवतील का हो?
पंधरा किलो चालतं, ताई.
अर्धा ग्रॅमच आहे.

दोघांतल्या कुणाच्या हातावर ठेवणार,
हे मला विचारवलं नाही.
ती गेली, वाकून, शटरखालून.
या खेपेला कमिशन घेतलं नाही
असं लिहायला आवडलं असतं.
घेतलं. दोन तिकिटं, सातशे.